चार डोळे, दोन कान



तुमच्यापैकी किती जणांच्या घरी टीव्हीच्या रिमोटवरून भांडण होतं? कोणतं चॅनेल लावायचं यावरून नाही, आवाजावरून. एकाला वीसवर स्वच्छ ऐकू येतं आणि दुसऱ्याला बत्तीस लागतात. हात वर करा, लाजू नका. बघा, निम्मी खोली वर आहे!

मी आज डोंगर आणि पक्षी यांच्याबद्दल बोलणार आहे. पण हा रिमोट लक्षात ठेवा, तो मध्येच कामाला येईल.

आधी आमची ओळख. मी सांगलीची, हे साताऱ्याचे. या वयात नवऱ्याचं नाव न घेण्याची सवय काही जात नाही, तेव्हा मी 'हे' म्हटलं की माझे यजमान, एवढं धरून चाला. नोकरीमुळे डेहराडूनला आलो, त्याला आता २९ वर्षं झाली. मराठी माणूस कमी, डोंगर भरपूर. सुट्टीच्या दिवशी करायचं काय? यांना लहानपणापासून पक्ष्यांचा नाद. मग मलाही लागला.

आमची कामाची वाटणी ठरलेली होती. हे कान, मी डोळे. जंगलात शिरलं की हे डोळे मिटून उभे राहायचे आणि सांगायचे, "उजवीकडे, वरच्या फांदीवर, रामगंगा." मी दुर्बीण लावायची की रामगंगा तिथे हजर. रामगंगा म्हणजे आपल्याकडचा ग्रे टिट, चिमणीएवढा. वीस-पंचवीस वर्षं हे असंच चाललं. मला एकही पक्षी आवाजावरून ओळखता येत नव्हता, कारण कधी गरजच पडली नाही. घरात एकाला गाडी चालवता येत असली की दुसरा शिकत नाही, तसं.

यांच्या साठीनंतर थोडं थोडं बदलायला लागलं. मी म्हणायची, "अहो, साठ रुपये द्या भाजीवाल्याला." हे आठ काढायचे. सुरुवातीला हसलो. मग पक्ष्यांच्या गटाबरोबर एका सकाळी बाहेर गेलो असताना सगळे एका झाडाकडे माना वर करून उभे राहिले. विशी-पंचविशीची मुलं होती, ती म्हणाली, "काका, ऐकलंत?" हे म्हणाले, "हो, हो." मला माहीत होतं की यांना काही ऐकू आलं नव्हतं. त्यानंतर हे गटाबरोबर जायचे बंद झाले.

कानाची तपासणी केली. कागदावर एक आलेख मिळतो. डावीकडे जाड, खर्जातले आवाज, उजवीकडे बारीक, तार सप्तकातले. २५० हर्ट्झपासून ८००० हर्ट्झपर्यंत. यांची रेघ डावीकडे सपाट मैदानातून चालत येते, २००० ओलांडते आणि ४००० च्या पुढे कड्यावरून खाली उतरते. तपासणाऱ्या मुलीने सांगितलं, वयामुळे होतं, यंत्र लावा. यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि घरी आल्यावर दुर्बीण पुसून कपाटात ठेवली. म्हणाले, "शेजारच्या पोराला देऊन टाकू. त्याला उपयोग होईल."

ऐकू कमी येतं, ही तक्रार एक वेळ सोसता येते. मला भीती वेगळीच होती. हे बोलायचे कमी झाले होते. समोरच्याचं नीट कळलं नाही की माणूस एकदा विचारतो, दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा मान डोलावतो आणि मग प्रश्नच विचारत नाही. मुलगी बंगळूरला, सून-मुलगा नागपूरला. घरात आम्ही दोघंच. त्यातला एक माणूस हळूहळू खोलीच्या बाहेर चालला होता, आणि तो तर माझ्यासमोर खुर्चीत बसलेला होता.

आता थोडं शास्त्र सांगते, कारण मला ते कळल्यावर पुष्कळ गोष्टी सोप्या झाल्या.

आपल्या कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक गुंडाळलेली नळी असते. तिच्यात सूक्ष्म केसांसारख्या टोकांच्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. आवाजाने नळीतला द्रव हलतो आणि त्या त्या जागच्या पेशी मेंदूला निरोप पाठवतात. बारीक आवाजांच्या पेशी नळीच्या तोंडाशी आणि जाड आवाजांच्या आत, टोकाशी. आवाजाची लाट या नळीत कशी धावते, हे शोधल्याबद्दल गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं. वय वाढतं तशा तोंडाजवळच्या पेशी आधी मरतात. आणि माणसात, किंबहुना सगळ्याच सस्तन प्राण्यांत, त्या मेल्या की परत उगवत नाहीत.

'साठ'चं 'आठ' का झालं, ते आता कळेल. स, श, फ ही अक्षरं बारीक आवाजाची. स्वर जाड, ते पोचतात. म्हणजे यांना मी बोलते हे ऐकू येतं, काय बोलते ते कळत नाही. तुमच्या घरी टीव्हीचा आकडा बत्तीसवर नेणारं माणूस हेच सांगत असतं. त्याला आवाज कमी पडत नाही, अक्षरं कमी पडतात.

आणि पक्षी? पियानोची अगदी उजवीकडची शेवटची पट्टी साधारण ४१८६ हर्ट्झची. हिमालयातला गोल्डक्रेस्ट नावाचा पाच-सहा ग्रॅमचा पक्षी त्याच्याही बऱ्याच वर, ७००० च्या आसपास गातो. यांच्या आलेखात तिथे दरी होती.

तर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी हट्ट धरला. म्हटलं, दुर्बीण द्यायची तर द्या, पण एकदा चोपता-तुंगनाथ करू आणि मग द्या. हे तयार झाले. मला वाटतं, निरोप घ्यायला म्हणूनच तयार झाले.

चोपता साधारण २७०० मीटरवर. केदारनाथ वन्यजीव अभयारण्याच्या या भागात खर्सू ओक, फर आणि बुरांश यांचं जंगल आहे. हे अभयारण्य १९७२ साली मुख्यतः कस्तुरीमृगासाठी जाहीर झालं. चोपत्यापासून तुंगनाथचं मंदिर साडेतीन किलोमीटर, दगडी फरसबंदीची वाट, आणि चढ जवळजवळ एक हजार मीटरचा. तुंगनाथ पंचकेदारांपैकी एक, उंची ३६८० मीटर. त्याच्या वर चंद्रशिला, सुमारे ४००० मीटर.

आदल्या दिवशी उखीमठच्या रस्त्यावर गाडी थांबवून चहा घेत होतो, तेव्हा कुक्कूची एक जात चार सुरांत ओरडत होती. गढवालात लोक त्या हाकेत 'काफल पाक्को' ऐकतात, काफळं पिकली. हे चटकन म्हणाले, "काफल पाक्को!" माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो आवाज जाड आहे, खाली आहे. तो यांना येतो! म्हणजे यांचं सगळं गेलेलं नाही. मग मी ठरवलं की काय येतं आणि काय येत नाही, हे उद्या मोजायचं.

पहाटे पाचला निघालो. थंडी एवढी की बोटं दुर्बिणीला चिकटत होती. एक गोष्ट मी आधीच ठरवून सांगितली होती: कुजबुजायचं नाही. पक्षी बघणारी माणसं कुजबुजतात, सवयच असते. पण कुजबुजताना आपल्या स्वरतंतूंचा नाद नसतो, उरतो तो नुसता सूसू असा बारीक आवाज. म्हणजे यांना जे येत नाही, नेमकं तेवढंच आपण बोलत असतो! मग आम्ही हातांच्या खुणा ठरवल्या. खांद्यावर टिचकी म्हणजे थांबा. दिशा घड्याळाच्या काट्यांसारखी, समोर बारा. एक बोट म्हणजे झुडूप, दोन म्हणजे मधल्या फांद्या, तीन म्हणजे शेंडा.

पहिल्या अर्ध्या तासात कोकलासची भरड बांग आली, यांनी माझ्याआधी हात वर केला. डोंगरकावळा, बार्बेट, माकडाची धोक्याची खोकल्यासारखी हाक, सगळं यांना आलं. मी वहीत एका बाजूला लिहीत गेले. दुसऱ्या बाजूला, मला येतं आणि यांना येत नाही, ते.

फरच्या दाट झाडीत शिरलो आणि वरून एक आवाज आला. सुईसारखा बारीक. मी टिचकी मारली, अकरा वाजता, तीन बोटं. यांनी दुर्बीण लावली. काही दिसेना, ऐकू तर येईचना. मला आवाज येत होता, पण पक्षी कोणता ते माहीत नाही. यांना सगळे पक्षी माहीत, पण आवाज येत नाही. दोघं असे उभे!

हे म्हणाले, "कसा आहे, सांग."

सांगू कसा? लहानपणी गाण्याच्या दोन-चार परीक्षा दिल्या होत्या. एक सप्तक खाली आलं की हर्ट्झ निम्मे होतात. सात हजारचे साडेतीन, आणखी एक सप्तक उतरलं की पावणेदोन हजार. पावणेदोन हजार म्हणजे यांच्या मैदानात! मी तीच लय, तेच चढउतार, दोन सप्तकं खाली आणून हलक्या शिट्टीत वाजवले. सुरात काही फार बरोबर नसेल, पण चाल तीच.

यांनी डोळे मिटले. पुन्हा वाजव म्हणाले. मी वाजवलं.

"दोन-दोन सुरांचे झोके घेत घेत जातो? आणि शेवटी एक गिरकी?"

मी थांबून ऐकलं. होती गिरकी. मला ती ऐकूनही कळली नव्हती.

"गोल्डक्रेस्ट," हे म्हणाले. "शेंड्यावर नाही बघायचं. फांदीच्या टोकाला, पानांच्या खालून. सारखा हलत असेल."

आणि यांनीच आधी टिपला. अंगठ्याएवढा जीव, डोक्यावर पिवळी पट्टी. माझ्या कानांनी ऐकलं, यांच्या तीस वर्षांच्या आठवणीने ओळखलं आणि यांच्याच डोळ्यांनी शोधलं. त्या झाडाखाली आम्ही पाऊण तास होतो. झाडावर वटवटे होते, खोडावर चढणारा ट्रीक्रीपर होता. मी खाली उतरवून शिट्टी मारायची, यांनी प्रश्न विचारायचे. इतके प्रश्न यांनी मला वर्षभरात विचारले नव्हते.

झाडी संपली की बुग्याल लागतं, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं गवती कुरण. तिथे मोनाल. उत्तराखंडचा राज्यपक्षी आणि नेपाळचा राष्ट्रीय पक्षी, तिथे त्याला डांफे म्हणतात. नर ऊन खात उकरत होता, चोचीने मुळं काढत. अंगावर निळा, हिरवा, तांबूस असे रंग, आणि मान वळवली की ते बदलतात. उडाला तेव्हा पाठीवरचा पांढरा पट्टा आणि विटकरी शेपूट दिसली, आणि घुमती शिट्टी दोघांनाही एकाच वेळी ऐकू आली. वहीत ती मधल्या रकान्यात लिहिली.

आता त्या दिवसातला वाईट भाग.

वाट अरुंद. एका बाजूला डोंगर, एका बाजूला उतार. यात्रेकरूंना घेऊन खेचरं वर जातात. त्यांच्या गळ्यात घुंगरं असतात, ती कशासाठी तर मागून येताना कळावं म्हणून. घुंगरांचा आवाज बारीक. घोडेवाला मागून ओरडत होता, "साइड! साइड!" त्यातला 'स' यांच्यापर्यंत पोचला नाही, आणि हे वाटेच्या बाहेरच्या बाजूला उभे राहून कड्यावर दुर्बीण लावून बसलेले. मी दहा पावलं पुढे होते. मागे वळले तेव्हा खेचर यांच्या पाठीशी आलं होतं. धावत जाऊन यांच्या दंडाला धरून डोंगराच्या बाजूला ओढलं. खेचराच्या पाठीवरची गोणी यांच्या दुर्बिणीला घासून गेली.

घोडेवाला चिडला होता. त्याचंही बरोबर होतं, त्याच्या खेचराचा पाय घसरला असता. म्हणाला, "बहरे हो क्या?"

मला वाटलं, हे आता गप्प होतील. किंवा भांडतील. यांनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हां भैया, थोडा हूँ."

ज्या शब्दाला घरात बंदी होती, तो यांनी एका अनोळखी माणसाला सांगून टाकला. घोडेवाला एकदम नरमला. म्हणाला, "तो पहाड़ की तरफ चलिए, बाबूजी. और दीदी को पीछे रखिए." पुढे मी मागे चालले. डोंगरात जाणाऱ्या प्रत्येक जोडप्याला मी हे सांगते: ज्याला कमी ऐकू येतं तो पुढे, ज्याला येतं तो मागे, आणि जनावर येताना दोघंही डोंगराच्या बाजूला.

मंदिराच्या अलीकडे खडकांच्या राशीत पिका दिसला. तो दिसतो उंदरासारखा, पण आहे सशाच्या गोत्रातला. शेपूट दिसतच नाही, कान गोल, आणि हिवाळ्यात तो शीतनिद्रा घेत नाही. बर्फाखाली खडकांच्या फटींत जागाच असतो. त्याला बघायला कान लागत नाहीत, बसून राहायची तयारी लागते, आणि ती यांच्याकडे पहिल्यापासून आहे. समोरच्या कड्यावर हिमालयन थार यांनीच शोधले. मला दगड दिसत होते, हे म्हणाले, "तिसरा दगड हलला." मोजले तर अकरा. डोक्यावरून दाढीवालं गिधाड गेलं, तेच जे हाडं उंचावरून खडकावर टाकून फोडतं आणि खातं. मी आकाशाकडे बघतच नव्हते, यांनी सावलीवरून ओळखलं.

तुंगनाथला दर्शन घेऊन भिंतीच्या आडोशाला बसलो. समोर चौखंबा, ७१३८ मीटर. डबा काढला, धपाटे आणि लोणचं. तिथे मी यांना एक गोष्ट सांगितली, जी मी तपासणीनंतर वाचली होती. १९८० च्या दशकाच्या शेवटी शास्त्रज्ञांना कोंबडीच्या पिल्लांमध्ये असं दिसलं, की कानातल्या त्या पेशी मेल्या तर पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात. काही आठवड्यांत. पक्षी पुन्हा ऐकायला लागतो. माणसात हे कसं घडवता येईल, यावर तेव्हापासून संशोधन सुरू आहे.

हे धपाटा हातात धरून बराच वेळ समोर बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे तो गोल्डक्रेस्ट म्हातारा झाला तरी त्याला त्याचं गाणं ऐकू येत असेल." आणि थोड्या वेळाने, "बरं आहे. कुणाला तरी येतंय."

चंद्रशिलेला आम्ही गेलो नाही. ढग चढत होते आणि गुडघ्यांचंही म्हणणं होतं. दुपारी खाली उतरलो.

आता हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल की दुसऱ्या दिवशी जाऊन यंत्र घेतलं. तसं झालं नाही. आणखी तीन महिने गेले. पण दुर्बीण कपाटात गेली नाही, आणि त्या तीन महिन्यांत हे दुकानदाराला, बँकेत, फोनवर सांगायला लागले, "जरा सावकाश बोला, मला कमी ऐकू येतं." मग यंत्र घेतलं.

यंत्राबद्दल खरं सांगते, कारण जाहिरातीत ते कुणी सांगत नाही. ते बोलण्यासाठी बनवलेलं असतं. 'साठ' पुन्हा साठ झाले, रिमोट बत्तीसवरून बावीसवर आला. पण डोंगरात वारा मायक्रोफोनमध्ये घुमतो. पक्ष्याची एकसुरी शीळ यंत्राला स्वतःचीच शिट्टी वाटू शकते आणि ते ती दाबायला बघतं. त्यासाठी ऑडिओलॉजिस्टला सांगून बाहेरच्या वापरासाठी वेगळी मांडणी करून घ्यावी लागते. यांना आता वटवट्यांपैकी काही येतात. गोल्डक्रेस्ट येत नाही. जिथे पेशीच उरल्या नाहीत, तिथे आवाज मोठा करून फार उपयोग होत नाही.

दुसरं साधन फोनमध्ये आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं मर्लिन हे ॲप. २०२१ पासून ते आवाजावरून पक्षी सुचवतं. नाव कधी चुकतं, म्हणून आम्ही त्यावर विसंबत नाही. पण ते आवाजाचं चित्र काढतं, पडद्यावर सरकत जाणारं. हे ते चित्र बघतात आणि म्हणतात, "आहे, वर काहीतरी आहे, सात हजारच्या पट्टीत. वाजव बघू." मग मी वाजवते. घरून निघताना सगळं उतरवून घ्या, कारण वर नेटवर्क मिळेलच असं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना ऐकण्यासाठी मदतीची गरज आहे. २०२० च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत ऐकू कमी येण्याचा समावेश केला आहे. चष्मा लागला की आपण चारचौघांत सांगतो, कानाचं मात्र लपवतो. पन्नाशीनंतर एकदा तपासणी करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे आणि दुखत नाही.

आणि ज्यांचे कान अजून चांगले आहेत, त्यांना एक काम देते. घरातल्या माणसाला विचारा, तुला कोणता पक्षी ऐकू येत नाही? शहरात असाल तर चालेल, चिमणी आणि शिंजीर तुमच्या गॅलरीतही असतात. हिवाळ्यात सह्याद्रीत असाल तर निळ्या डोक्याचा कस्तूर शोधा. तो वीण करायला आमच्याकडे हिमालयात येतो. तिकडे तो फारसा गात नाही, इकडे येऊन गातो. त्याचं गाणं यांना येतं का, ते या मोसमात बघायचं आहे. वहीत त्याच्यासाठी जागा सोडून ठेवली आहे.